फेरफारातलं पाणी

मी भूशास्त्राचा माणूस. विहिरीत टेप सोडायची, पातळी वहीत टिपायची, कडेला उघडा पडलेला खडक बघायचा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं ते २०१६ साल. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही जिल्ह्यातल्या एका गावात होतो. सोबत समाजशास्त्राच्या एक मॅडम. त्या कशाला आल्यात, हे मला खरंच कळत नव्हतं.

माझा हिशेब तयार होता. वर मुरूम, खाली मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक, मग काळा पाषाण. पाणी धरतात ते वरचे थर आणि भेगा. अखंड पाषाणात काही मावत नाही. पाऊस कमी, ऊस जास्त, म्हणून बोअर वाढले. पण आलेख जुळेना. काही शिवारांत चांगल्या पावसाच्या वर्षीही बोअरची गाडी येऊन गेलेली.

मॅडमनी पारावरच्या आजोबांना खोली विचारलीच नाही. "बोअर कधी मारलं?" एवढंच. साल कुणाला आठवतं!

"धाकट्याचं लगीन झालं, वाटण्या झाल्या, तवा."

पुढच्या बांधावरही तेच उत्तर. दुपारी तलाठ्याकडं बसून फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी, चाळले. वाटणीच्या नोंदी एका बाजूला, माझी वही दुसऱ्या. वाटणी आणि बोअर, वर्षा-दोन वर्षांच्या फरकानं जोड्या लागत गेल्या.

बहात्तरच्या दुष्काळात खोदलेली विहीर सामाईक होती. दोन दिवस थोरल्याचं भिजवणं, दोन दिवस मधल्याचं. मधल्या वेळेत झरे विहीर भरून काढायचे. वाटणीनंतर ज्याचं त्याचं बोअर. लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू, आणि ओढतात त्याच भेगांतलं पाणी. २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरपासून, म्हणजे जवळपास दोनशे फुटांपासून, पुढं खोल विहीर धरतात. इथं पाचशे फुटांहून कमी खोलीची गोष्टच कुणी करत नव्हतं. माझ्या आलेखात पाऊस होता, पीक होतं, खडक होता. भावकी नव्हती.

संध्याकाळी नकाशा घेऊन पुन्हा पारावर गेलो. आजोबांनी बराच वेळ बघून एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ह्यानं माझी हीर पिली."

तो ठिपका त्यांच्या धाकट्या भावाचा. सकाळपासून माझ्या टेपचं रीळ धरून फिरत होते ते हेच. ते काही बोलले नाहीत. रीळ माझ्या हातात देऊन लाइट आली का बघायला गेले.