पावसाळ्यात जुनी व्हॅन, फेरीबोट आणि ओहोटी

"सागरी मार्गाने जा, खाड्या काय, फेरीबोटीने चुटकीसरशी पार." कोकणात किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं म्हणून ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं. ओहोटीला जेटीचा उतार किती उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ कसं माजलेलं असतं, हे एकाने सांगितलं असेल तर शपथ!

गाडी जुनी ओम्नी. मागे गादी, शेगडी, पाण्याची टाकी. ताकद मागच्या चाकांना. मार्ग दाभोळ-धोपावे फेरी, पुढे तवसाळ-जयगड फेरी. प्रकार कुठल्या जेटीवर घडला ते जाऊ दे. बोटीवरच्या माणसाने गाडी सरळ आत घ्यायला लावली, म्हणजे उतरताना रिव्हर्स, तोही चढावर. अशा वेळी वजन खालच्या बाजूला, पुढच्या चाकांवर जातं. मागची हलकी होतात आणि जागेवरच गरगरतात. क्लचचा जळका वास, बोटीवरच्यांचे हॉर्न, वरून पाऊस. जीपवाला दोर घेऊन तयारच! वीस-पंचवीस फूट ओढायचे दीड हजार म्हणाला, आठशेवर आला. लूट आहे, दुसरा शब्द नाही. स्वतःचा दोर आणि चाकाखाली घालायला चार गोणपाटं जवळ असतील तर त्याच्याकडे बघायचीही गरज नाही.

तेव्हा बोटीवर गाडी उलटीच लावा, उतरताना तोंड पुढे हवं. ते कटकट करतील, ऐकू नका. पाण्याची टाकी भरलेली ठेवा, मागे वजन राहतं.

आणि वेळ बघून जा. कोळ्यांचा हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी, दिवसा आणि रात्रीही. ओहोटीच्या आगेमागे दोन तास जुनी गाडी जेटीवर नेऊच नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पार खाली जातं. पहाटे उठून पहिली बोट गाठायची हौस त्या दिवसांत नको.

गुहागर, हेदवी, गणपतीपुळे छान. जेवणही छान.

परतताना आंबा घाटात धुकं इतकं, की पुढच्या एसटीचे लाल दिवे हाच रस्ता. हेडलाइट खालीच ठेवा, वर केलात तर समोर पांढरी भिंत. इंजिन सीटखाली असल्याने साचलेल्या पाण्यातून जोरात गेलात की डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीची वीज पोचवणारा भाग) ओला, गाडी बंद. कोरडं फडकं हाताशी ठेवा.

वाऱ्यामुळे तवसाळची फेरी बंद असेल तर जेटीवर ताटकळू नका. आबलोलीवरून भातगावच्या पुलाने रत्नागिरी गाठता येते. लांब पडतं, पण शेवाळ नाही आणि जीपवालाही नाही.