एकोणचाळीस वर्षांचा क्वार्टरबॅक आणि पासष्ट टक्क्यांची अट

२४ एप्रिल २०२३, सोमवार. कॅन्सस सिटीतला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याचा वार्षिक कार्यक्रम, तीन दिवसांवर आलेला. दुपारी बातमी फुटली: क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हलवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) ॲरन रॉजर्स ग्रीन बे पॅकर्समधून न्यूयॉर्क जेट्सकडे. (फुटबॉल म्हणजे अमेरिकेतलं, हेल्मेटवालं.) ट्रेड (संघांमधली अदलाबदल) झाला की दोन्ही बाजूंचे पिक (ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या), करार आणि कॅपवरचा (पगारखर्चाच्या वार्षिक मर्यादेवरचा) भार तपासून शीटमध्ये भरायचा आणि कुणाच्या पदरात काय पडलं ते एका आकड्यात मांडायचं, हे आमच्या टेबलाचं काम. एरवी अशी ओळ अर्ध्या तासात हातावेगळी होते. ही ओळ साडेचार महिने उघडी राहिली, कारण तिच्यातला एक चौकोन भरताच येत नव्हता.

व्यवहार असा होता. पॅकर्सना मिळाले २०२३ चे १३, ४२ आणि २०७ नंबरचे पिक. शिवाय २०२४ चा दुसऱ्या फेरीचा पिक, पण अटीचा: रॉजर्स २०२३ च्या मोसमात संघाच्या ६५ टक्के स्नॅपना (चेंडू मागे देऊन सुरू होणारा एकेक डाव म्हणजे स्नॅप) मैदानात असला, तर तोच पिक पहिल्या फेरीचा होणार. जेट्सना मिळाला रॉजर्स, आणि सोबत १५ व १७० नंबरचे पिक.

पहिली चूक बहुतेक जण इथेच करतात. "पहिल्या फेरीचा पिक दिला" असं वाचलं की डोळे विस्फारतात. पण १३ देऊन १५ परत घेतलाय, म्हणजे नुसती दोन पायऱ्यांची अदलाबदल. डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळापासून चालत आलेला, प्रत्येक पिकाचं मोल गुणांत मांडणारा तक्ता काढला तर १३ नंबरचे ११५० गुण, १५ चे १०५०. फरक शंभराचा. ४२ नंबरचे ४८०. पाचव्या-सहाव्या फेरीची चिल्लर वजा केली की पॅकर्सच्या बाजूला रोख साधारण ५६० गुण उरतात.

आता अटीचा पिक. पुढच्या वर्षीचा पिक आज मोजताना एक फेरी खाली धरायचा, असा धंद्यातला रिवाज आहे, कारण माल हातात यायला वर्ष जायचं असतं. म्हणजे २०२४ ची पहिली फेरी आजच्या दुसऱ्या फेरीच्या मधल्या पिकाइतकी, ४२० च्या आसपास. दुसरी फेरी आजच्या तिसरीच्या मध्याइतकी, १९० च्या आसपास. बेरीज ७५० किंवा ९८०. अट पुरी झाली तर रॉजर्सची किंमत सोळाव्या-सतराव्या नंबरच्या पिकाएवढी, नाही झाली तर तेविसाव्या-चोविसाव्या.

चार वेळा एमव्हीपी (मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू) झालेल्या खेळाडूला एवढंच? वय ३९, मागच्या मोसमात संघ ८-९ (आठ विजय, नऊ पराभव). पण हे वाटतं तितकं कमी नाही. आधीच्या वर्षी अटलांटानं ३६ वर्षांच्या क्वार्टरबॅक मॅट रायनला इंडियानापोलिसकडे पाठवलं ते तिसऱ्या फेरीच्या एका पिकावर, ८२ नंबरच्या. त्याच महिन्यात ३३ वर्षांच्या क्वार्टरबॅक रसेल विल्सनसाठी डेन्व्हरनं पहिल्या फेरीचे दोन, दुसऱ्या फेरीचे दोन, पाचव्या फेरीचा एक असे पिक आणि वर तीन खेळाडू मोजले. म्हणजे निव्वळ वयावर भाव ठरत नाही. रॉजर्स २०२० आणि २०२१ असा लागोपाठ दोनदा एमव्हीपी झालेला. २०२२ मध्ये अंगठा मोडलेला असतानाही सतराच्या सतरा सामने खेळलेला.

भाव खरा पडला तो वेगळ्या कारणानं. १५ मार्चला रॉजर्सनं जाहीर सांगून टाकलं होतं की आपला इरादा जेट्सकडून खेळण्याचा आहे. झालं, विक्रेत्याला गिऱ्हाईक उरलं एकच. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो तो यासाठीच. इथे बैलानंच रुमाल उचलून बोटं दाखवली. शिवाय २०२० च्या ड्राफ्टमध्ये २६ व्या नंबरवर उचललेला पॅकर्सचाच दुसरा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह तीन वर्षं बाकावर बसून होता आणि त्याच्या कराराचा निर्णय मेच्या सुरुवातीला घ्यायचा होता. अर्थात जेट्सही अडलेलेच. बाजारातले दुसरे क्वार्टरबॅक हातचे गेलेले: डेरेक कार न्यू ऑर्लिन्सला गेलेला, जिमी गरोपोलो लास व्हेगासला. दोघेही अडलेले असले की सौदा घड्याळावर होतो, आणि घड्याळ गुरुवारचं, ड्राफ्टच्या दिवसाचं होतं.

कॅपची बाजू बघितल्याशिवाय हे पुरतं कळत नाही. करारावर सही करताना दिलेला बोनस खेळाडूच्या खिशात लगेच जातो, पण कॅपच्या हिशोबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरता येतो. समजा ५ कोटी डॉलर बोनस, वर्षाला १ कोटी. दोन वर्षांनी खेळाडू विकला तर उरलेले ३ कोटी नव्या संघाकडे जात नाहीत. जुन्याच संघाच्या कॅपवर एकदम कोसळतात. याला डेड मनी म्हणतात. रॉजर्सच्या बाबतीत तो ४ कोटी ३ लाख डॉलर होता, आणि त्या वर्षीची कॅप २२ कोटी ४८ लाख. संघात नसलेल्या माणसावर जवळजवळ १८ टक्के! त्याला ठेवलं असतं तर त्या वर्षीचा भार ३ कोटी १६ लाखांचा होता, म्हणजे विकणं त्या वर्षापुरतं महागच पडलं. मात्र मोसम सुरू होण्याआधी द्यायचा ५ कोटी ८३ लाखांचा ऑप्शन बोनस पॅकर्सच्या गळ्यातून सुटला.

मग १ जूनपर्यंत का थांबले नाहीत? १ जूननंतर विकलं की डेड मनी दोन वर्षांत विभागता येतो. पण तोवर ड्राफ्ट उरकलेला असतो आणि २०२३ चे पिक मिळायचा प्रश्नच उरत नाही. कॅपची सवलत घ्या नाहीतर या वर्षीचे पिक घ्या. पॅकर्सनी पिक घेतले, आणि माझ्या मते बरोबर केलं.

एवढं सगळं भरूनही तो चौकोन रिकामाच. ६५ टक्के म्हणजे नेमकं किती? एका मोसमात संघाचे आक्रमणातले स्नॅप हजार-अकराशे होतात. त्यातले ६५ टक्के म्हणजे सातशेच्या आगेमागे, म्हणजे १७ पैकी साधारण अकरा पूर्ण सामने. अट मोजायला सोपी होती, आणि हे महत्त्वाचं. २००८ मध्ये याच पॅकर्सनी याच जेट्सना ३८ वर्षांचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व दिला, तेव्हाची शिडी लांबलचक होती: मूळ पिक चौथ्या फेरीचा; निम्मे स्नॅप खेळला तर तिसरी; ७० टक्के खेळून संघ प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) गेला तर दुसरी; ८० टक्के खेळून सुपर बोल (अंतिम सामना) गाठला तर पहिली. फार्व सोळाही सामने खेळला, संघ ९-७ वर अडकला आणि शिडी तिसऱ्या फेरीवर थांबली. म्हातारा खेळाडू धडधाकट राहूनही विक्रेत्याला पूर्ण दाम नाही. २०२३ ला पॅकर्सनी जेट्सच्या यशाशी संबंधच ठेवला नाही. माणूस उभा राहिला की पैसे.

त्यातही एक मेख होती. रॉजर्स पूर्ण मोसम खेळला तर जेट्स जिंकणार, आणि जिंकणाऱ्या संघाचा पहिल्या फेरीचा पिक शेवटाकडे सरकणार. म्हणजे अट पुरी झाली की मिळणारा पिक आपोआप स्वस्त. पहिली फेरीही आणि वरचा नंबरही, हा लाडू दोन्ही हातांत येणं कठीण.

गुरुवारी रात्री दोन पायऱ्यांचं मोल वेगळंच निघालं. पॅकर्सनी १३ वर बचावपटू लुकस व्हॅन नेस घेतला. लगेच पिट्सबर्गनं न्यू इंग्लंडशी अदलाबदल करून १४ वर उडी घेतली आणि टॅकल ब्रॉडरिक जोन्स उचलला. जेट्सनाही आपल्या क्वार्टरबॅकला सांभाळायला टॅकलची गरज होती. त्यांच्यासमोरून तो गेला, आणि १५ वर त्यांनी पासरशर (विरोधी क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) विल मॅकडॉनल्ड घेतला. तक्त्यावरचे शंभर गुण कधी कधी असे एका जिवंत माणसाच्या रूपात हातचे जातात.

११ सप्टेंबर, सोमवारची रात्र, ईस्ट रदरफर्ड. बफेलोविरुद्ध रॉजर्सचा चौथा स्नॅप. लेनर्ड फ्लॉइडनं त्याला खाली पाडलं, तो उठला, आणि पुन्हा मैदानावर बसला. डाव्या पायाची अकिलीसची, म्हणजे टाचेमागची, शीर तुटलेली. चार स्नॅप, अर्धा टक्कासुद्धा नाही. चौकोन भरला: दुसरी फेरी.

जेट्स ७-१० वर आटोपले. त्यांचा २०२४ चा पहिल्या फेरीचा पिक दहावा आला, दुसऱ्या फेरीचा एकेचाळिसावा. दहाचे १३०० गुण, एकेचाळिसाचे ४९०. अर्थात वर सांगितलेल्या मेखेमुळे, रॉजर्स खेळला असता तर तो पिक दहावा राहिला नसता, त्यामुळे पॅकर्सचं ८१० गुणांचं नुकसान झालं असं लिहिणं चूक. बऱ्याच जणांनी लिहिलं. पॅकर्सनी तो ४१ नंबर न्यू ऑर्लिन्सला देऊन ४५, १६८ आणि १९० घेतले, आणि ४५ वर लाइनबॅकर (बचावपटू) एजरिन कूपर.

मार्च २०२५ मध्ये जेट्सनी रॉजर्सला मोकळं केलं. या वेळी डेड मनी त्यांच्या अंगावर, ४ कोटी ९० लाख डॉलर, १ जूनची सवलत घेऊन दोन वर्षांत विभागलेला. शीटमध्ये नवी ओळ टाकली. बदल्यात मिळालेले पिक: ०.