काकांना इंग्रजीत काय म्हणायचं?

मिरजेत मी नर्सना ओईटीच्या, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या, स्पीकिंगसाठी तयार करतो. इंग्लंडला जायचं तर ही परीक्षा नाहीतर आयेल्ट्स. बाहेरच्यांना वाटतं, मुलाखत असेल. नसते. हातात प्रसंग लिहिलेलं कार्ड देतात, तीन मिनिटं वाचायला, मग साधारण पाच मिनिटं समोरच्या 'पेशंट'शी बोलायचं. असं दोनदा. पेशंट झालेला माणूस गुण देत नाही, गुण देणारा नंतर रेकॉर्डिंग ऐकतो. तरी पोरी त्या माणसाकडे बघून हसत राहतात.

त्यांतल्या एक सिस्टर अकरा वर्षं आयसीयूत काढलेल्या. माझ्याकडे येण्याआधी त्या एका 'फाडफाड इंग्रजी' छाप क्लासला जाऊन आल्या होत्या. तिथून काय आणलं, तर 'आय अ‍ॅम सॉरी टु हिअर दॅट'. मी पेशंट होऊन म्हटलं, मुलगी मदतीला येतेय. त्यावरही सॉरी टु हिअर दॅट!

उच्चारांवर आम्ही दोन आठवडे घातले होते. मराठीत लिहायला गेलं तर शीर आणि 'केव्हा', दोन्ही 'व्हेन'च. शिरेला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, 'केव्हा'ला ओठ गोल करायचे. आरसा धरून त्यांनी ते जमवलं. पण कार्ड हातात आलं की वाचा बंद.

त्या संध्याकाळचं कार्ड होतं : काल ऑपरेशन झालंय, म्हातारा पलंगावरून उठायला तयार नाही. म्हातारा मी. 'आय वोन्ट गेट अप. इट हर्ट्स.' सिस्टर गप्प. रेकॉर्डिंगमध्ये चौदा सेकंद नुसता पंखा ऐकू येतो.

म्हटलं, सिस्टर, मराठीत बोला.

त्यांनी खुर्ची ओढून माझ्या बाजूला घेतली, कोपराखाली हात घातला. ''काका, दुखतंय ना? दुखणारच, कालच टाके पडलेत. आत्ता नुसतं पाय खाली सोडून बसायचं. चालायचं नंतर बघू. मी धरलंय.'' मी टेबलावरचे पाय खाली घेतले. खरंच घेतले, नाटक विसरून.

''आता हेच इंग्रजीत.''

''इट पेन्स, नो, काका? पेन विल कम. नाऊ ओन्ली सिट, लेग्ज डाऊन. वॉकिंग वी सी लेटर. आय अ‍ॅम होल्डिंग यू.''

एकदाही अडखळल्या नाहीत. चुका मी लिहून घेतल्या, त्या दुरुस्त होतील. 'इट पेन्स' नाही, 'इट हर्ट्स'. आपला सगळा आदर 'ना'त, 'बरं'मध्ये आणि क्रियापदाच्या शेपटीत असतो, इंग्रजीत तो 'वुड यू' आणि 'कुड यू'त आधीच मांडावा लागतो. हे त्यांना पटलं. अडलं ते 'काका'पाशी.

''मग काय म्हणू, सर?''

''मिस्टर आणि आडनाव.''

''आडनावानं? टाके पडलेल्या माणसाला?''

मी विषय बदलला.

रात्री गुणपत्रक भरलं. नात्याच्या रकान्यात, म्हणजे 'रिलेशनशिप बिल्डिंग'ला, तीनपैकी तीन. 'अ‍ॅप्रोप्रिएटनेस'ला, म्हणजे प्रसंगाला शोभेल अशा भाषेला, सहापैकी चार, शेजारी लाल पेनानं 'काका'. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद बराच वेळ धरून ठेवला.

''सर, ज्या शब्दाचे इथे दिलेत, त्याचेच तिथे कापलेत?''

परीक्षा आहे सिस्टर, म्हटलं. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि नाइट ड्युटीला गेल्या.