एक्का-राणी का टाकली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. "सारखा रेज मारणारा (पैज वाढवणारा) समोर आला की करायचं काय?" हा आमच्या शनिवारच्या पोकरच्या टेबलावरचा ठरलेला प्रश्न. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "मग गोव्यात तू एक्का-राणी का टाकलीस?" म्हणजे डाव का सोडलास.

पहिल्याला मी कित्येक वर्षं एकच उत्तर दिलं. थांबा, चांगले पत्ते येऊ द्या, मग पकडा. कोल्हापुरात राजारामपुरीत बिनपैशाच्या चिप्सवर किती जणांना हे शिकवलं असेल! हिशेब मात्र केला नव्हता. दश्शी आणि त्यावरच्या जोड्या, शिवाय एक्का-राजा, एवढेच "चांगले पत्ते" धरले तर दोन पत्त्यांच्या १,३२६ पैकी ४६ जुळण्या होतात. म्हणजे साधारण २९ डावांत एकदा. आठ जणांच्या टेबलावर तेवढ्यात साडेतीन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला ब्लाइंड आणि अँटी, म्हणजे पत्ते बघण्याआधीच घालायच्या सक्तीच्या चिप्स, जातच राहतात. खासबागेत दोघं नुसती खडाखडी करत राहिले तर कुस्ती बरोबरीत सोडवता येते. इथं बरोबरी नाही.

आता गोवा. मांडवीतल्या एका कॅसिनोत आम्ही १९ जण उरलो होतो, बक्षिसं १८. तसाच सारखा रेज मारणारा एक पोरगा माझ्या उजवीकडे, मधे एक खुर्ची. त्याच्यापुढे १,९०,००० चिप्स आणि दहापैकी सात डावांत रेज. बहुतेक डावांत तो आधी बोलणार, मी नंतर. म्हणजे जागा माझीच चांगली होती. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून मनाला जास्त लागतं. ब्लाइंड्स १,०००–२,०००, अँटी २,०००. मी बिग ब्लाइंडवर, म्हणजे मोठा ब्लाइंड आणि अँटी घालायच्या जागी; ते सगळं धरून माझे ४०,०००. त्यानं बटणावरून, म्हणजे ब्लाइंडांच्या आधीच्या जागेवरून, रेज करून ४,४०० केले, स्मॉल ब्लाइंडनं पत्ते टाकले. मी पत्ते उचलले: इस्पिकचा एक्का, बदामची राणी.

मधे ९,४०० होते. नुसता कॉल करायचा, म्हणजे त्याच्याइतकेच घालायचे, तर २,४०० पुरत होते. ऑल-इन केलं असतं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या असत्या, तर त्याला आणखी ३३,६०० घालावे लागले असते, आणि नव्वी-चौकीसारख्या हलक्या पत्त्यांवर ते कुणी घालत नाही. पण शेजारच्या टेबलावर एकाकडे फक्त ३,००० उरले होते. तो आता जाईल, मग जाईल, असं वाटत होतं. तो गेला की मी पैशात. येण्याआधी घरी सांगून आलो होतो की या वेळी काहीतरी घेऊनच येतो. डीलर माझ्याकडे बघत होता. मी पत्ते सरकवले. पोरग्यानं न विचारता आपले पत्ते उलटे केले. नव्वी-चौकी. माझ्याकडे बघितलंही नाही, पुढचा डाव मागितला.

तीन हजारवाला गेला नाही. दोनदा दुप्पट झाला. ब्लाइंड्स १,५००–३,००० झाले, फेरीला ७,५०० जाऊ लागले. ३५,००० चे दोन फेऱ्यांत २०,००० झाले. मग त्याच पोरग्याच्या ६,५०० च्या रेजवर मी राजा-दश्शी घेऊन ऑल-इन केलं. त्याला ३४,००० साठी १३,५०० घालायचे होते. कुठलेही दोन पत्ते असते तरी त्यानं घातले असते. त्याच्याकडे चौकीची जोडी होती आणि ती टिकली. एकोणिसावा. पहाटे आंबोलीचा घाट चढून आजऱ्यात चहा घेतला, तोवर गाडीत कुणी बोललं नाही.

"घाबरलास" म्हणता तेव्हा मला राग येतो. घाबरलो होतोच. पण त्या भीतीमागे हिशेबही होता. पैशाच्या उंबरठ्यावर गमावलेली चिप मिळवलेल्या चिपपेक्षा महाग असते, आणि तो पोरगा मला बाहेर काढू शकत होता, मी त्याला नाही. चिप्सच्या मोठ्या ढिगाऱ्याचा जोर यातूनच येतो. तीन पत्तीत पत्ते न बघता (तिथला ब्लाइंड) खेळणाऱ्याला निम्म्यात चाल करता येते, तसं काहीसं. तुम्ही हा भाग सोडून फक्त नव्वी-चौकी लक्षात ठेवता.

आता मी वेगळं खेळतो. असा रेज मारणारा समोर असला की बिग ब्लाइंडवर स्वस्तात कॉल करतो. टेबलावरच्या मधल्या पत्त्याशी जोडी लागली तर रेज न करता त्यालाच पैसे घालू देतो. आणि एकदा तरी एक्का हातात असताना, माझा ढिगारा मोठा आहे तोवर, त्याच्या रेजवर उलट रेज मारतो; एक्का माझ्याकडे असला की त्याच्याकडे असण्याची शक्यता कमी होते. मागच्या महिन्यात असंच एक्का-पंजीवर केलं. समोर राजांची जोडी निघाली, मी गेलो. तरी पुन्हा करीन.

एक्का-राणी तशीच आली तर ऑल-इन, असं मी शनिवारी छातीठोक सांगतो. पण शेजारच्या टेबलावर पुन्हा कुणाकडे तीन हजारच उरले असले तर? तिथं मी अजूनही अडतो.