दिवाण सरकवला, मग खेळ

दिवाळीत भाचा व्हीआर हेडसेट घेऊन आला, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जगात खेळायचं यंत्र. त्याला मोकळी जागा लागते साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट. आमच्या पंचवटीतल्या घरात एवढी जागा फक्त गच्चीवर. “मावशी, वर जाऊ?” मी साफ नाही म्हटलं. हेडसेटच्या भिंगांतून ऊन आत गेलं की आतला पडदाच जळतो. शेवटी दिवाण भिंतीला लावला, टीपॉय बाहेर काढला. तरी पठ्ठ्याने पहिल्याच तलवारीच्या वारात कपाटावर हात आपटलाच!

कॅरमचं बरं असतं. खेळायची जागा २९ इंच चौरस, चार माणसं आणि बरोब्बर मध्यावर खाली सोडलेला दिवा. दिवा बाजूला असला की सोंगट्यांच्या सावल्या पडतात. (बाबा हरल्यावर हेच कारण सांगतात.) बुद्धिबळ तर भाची नाशिकरोडच्या बसमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर खेळते.

खो-खोचं काय करायचं? २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद मैदान हवं. आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेत व्यायामाची यंत्रं रोवली आहेत. त्यातल्या एकावर बसून शेजारचे काका रोज पेपर वाचतात. पोरं त्यांच्याभोवतीच पकडापकडी खेळतात.