शॉकअप, शिलाईची टेप आणि वेळणेश्वर

किनाऱ्याकिनाऱ्याने हरिहरेश्वर ते गणपतीपुळे हा रस्ता किती देखणा आहे, हे लिहिणारे निम्मे लोक चारचाकीतून गेलेले असतात आणि उरलेले बाइकवर एकटे. मागच्या सीटवर बसून गेलेल्या कुणी त्या रस्त्याचं कौतुक केलेलं माझ्या तरी वाचनात नाही. माझ्या मागे बायको बसते. तिच्या दोन्ही अंगांना सॅडलबॅगा, पाठीशी टेलबॅग. समुद्र दिसला की ती खूश असते, पण समुद्र दिसतो वळणावर, आणि पावसाळा संपल्या संपल्या गेलात तर नेमका वळणावरच खड्डा असतो.

गाडी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०. नुसती गाडीच २०० किलोच्या वर, त्यात आम्ही दोघं आणि बिऱ्हाड. आणि मागच्या चाकाला वरखाली व्हायला मूळ जागा किती, तर ८८ मिलिमीटर, म्हणजे धड साडेतीन इंचही नाही. ४०,००० किलोमीटर झाल्यावर मूळचे शॉकअप दमले होते. खड्ड्यातून गाडी बाहेर आली तरी मागचा भाग झुलत राहायचा आणि डाव्या दांड्यावर तेलाची ओलसर रेघ दिसायला लागली होती. वयोमानाने होतंच ते. बदलायचे ठरवले.

आता शॉकअप निवडणं ही किती मोठी भानगड आहे हे त्यात पडल्याशिवाय कळत नाही. एका टोकाला स्वीडनचे ओहलिन्स. १९७६ पासून हेच करतायत, पिवळी स्प्रिंग लांबूनच ओळखू येते. ती कंपनी आता ब्रेम्बोने घेतली आहे आणि ब्रेम्बोचा कारखाना आपल्या चाकणला आहे, पण म्हणून शॉकअप आपल्याला चाकणच्या भावात मिळत नाहीत. किंमत ऐकून मी फोन शांतपणे ठेवला. इंग्लंडचे हॅगन, जर्मनीचे विल्बर्स, हॉलंडचे हायपरप्रो, सगळ्यांची माहिती रात्री जागून वाचली आणि शेवटी थायलंडच्या वायएसएसवर आलो, कारण ते इथे सहज मिळतात आणि माझ्या खिशाला झेपतात. एवढं सगळं वाचून एकच गोष्ट डोक्यात पक्की झाली होती. नाव, रंग, शॉकअपच्या बाजूची तेल-गॅसची डबी हे सगळं नंतर. आधी स्प्रिंग. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून जे वजन होतं, त्याला साजेशी स्प्रिंग असेल तर बाकीच्या गोष्टींना अर्थ.

पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांतून फिरून शेवटी ज्याच्याकडून घेतले (नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही), त्याने मला पहिला प्रश्न विचारला, ‘कलर कुठला देऊ?’ वजन विचारलं नाही. मागे कोण बसतं विचारलं नाही. मीच सांगितलं, तर म्हणाला, ‘डबल सीट? मग हेवी ड्यूटीच देतो.’ बसवून झाल्यावर सी-स्पॅनरने, म्हणजे अर्धगोल पान्याने, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग दाबणाऱ्या रिंगा अगदी शेवटपर्यंत पिळल्या आणि सीटवर थाप मारून म्हणाला, ‘फुल टाइट करून दिलंय साहेब, आता खड्डा आला तरी बघायचं नाही.’

खड्डे ताम्हिणी घाटातच आले. नेमके आणि भरपूर.

डबल सीट बसणाऱ्यांना हेल्मेटची टक्कर माहीत असेल. गाडी आपटली की मागच्याचं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर आदळतं, टक. जुन्या शॉकअपवर ती अधूनमधून व्हायची. आता माणगाव येईपर्यंत माझ्या कवटीमागे कुणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरत असल्यासारखं वाटत होतं. म्हसळ्याच्या पुढे बायकोने बोलणं बंद केलं. ही लक्षणं मला कळतात. बागमांडल्याच्या जेट्टीवर फेरीची वाट बघत उभे होतो. समोर सावित्रीची खाडी, पलीकडे बाणकोटचा किल्ला, इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया. मी किल्ल्याबद्दल सांगायला सुरुवात केली तेवढ्यात तिने हेल्मेट काढलं आणि म्हणाली, ‘हे बघ, जुनेच बरे होते. किती रुपये घातलेस यात?’ मी आकडा सांगितला. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या मागच्या पिकअपवाल्यापर्यंत पोचलं, कारण तो खिडकीतून डोकं बाहेर काढून हसला.

केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, पोटात घट्ट गोळा धरून झालं. कड्यावरच्या गणपतीला ती वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. दाभोळची फेरी घेऊन धोपाव्याला उतरलो तेव्हा ‘गुहागरहून चिपळूणला एसटी असते ना?’ असं सहज विचारून झालं होतं.

वेळणेश्वरला ज्यांच्याकडे उतरलो ते काका-काकू देवळापासून जवळच राहतात. घरामागे पोफळीची बाग, पुढे सारवलेलं अंगण. कोकणातल्या आदरातिथ्याबद्दल माझं मत तसं संमिश्र आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांत सीझनला पाणी मागितलं तरी बिलात येतं. इथे मात्र काकूंनी बायकोकडे एक नजर टाकली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘अगो, ये आत. पाठ धरलेली दिसते. गरम पाणी काढते.’ मला चहा बाहेर ओट्यावर आला.

चहा पिताना गाडीकडे बघत बसलो. मधल्या स्टँडवर उभी होती, मागचं चाक अधांतरी. मग स्टँडवरून उतरवली, सामानासकट, आणि लक्षात आलं की मागची बाजू खाली बसलीच नाही. जराही नाही. गाडी स्वतःच्या वजनाने थोडी तरी बसली पाहिजे. दुकानदारांची समजूत अशी असते की रिंग पिळली की स्प्रिंग कडक होते. स्प्रिंग तेवढीच राहते. रिंग तिला फक्त आधीच दाबून ठेवते, आणि त्यामुळे गाडी किती खाली बसणार ते बदलतं. चाकाला दगडावरून वर जायला जागा लागते तशीच खड्ड्यात खाली उतरायलाही लागते. ती जागा पिळून काढून टाकली की चाक खड्ड्यात उतरत नाही, वरून जातं आणि पलीकडच्या काठावर आपटतं. त्या काठावर बायको बसलेली असते.

हिशेब साधा आहे. चाक अधांतरी असताना आसाच्या नटापासून वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत मोजायचं, मग दोघं सामानासकट बसून तेच मोजायचं. हा फरक, म्हणजे सॅग, एकूण जागेच्या साधारण तीस टक्के हवा. ८८ चे धरले तर २६-२७ मिलिमीटर. पण आम्ही दोघं वर बसणार, म्हणजे गाडी धरणारा एक आणि मोजणारा एक हवा.

‘टेप आहे का घरात?’ मी विचारलं.

‘शिलाईची आहे,’ काकू आतून म्हणाल्या. त्या गावातल्या बायकांची ब्लाउज शिवतात. काका लुंगी वर खोचून पुढे आले. ‘गाडी धरायची एवढंच ना? धरतो. पण मोजताय काय ते सांगा.’ सांगितलं. ते ऐकून म्हणाले, ‘माझ्या बजाज एम-एटी गाडीवर मी दोन-दोन पोती सुपारी नेली आहे बाजारात. कधी मोजलं नाय.’ तरी हँडल मात्र घट्ट धरलं.

बायकोला परत गाडीवर बसायला तयार करणं हा त्या संध्याकाळचा सगळ्यात अवघड भाग. तिने अट घातली, हेल्मेट घालणार नाही आणि गाडी सुरू करायची नाही. दोघं पाय वर घेऊन बसलो. काकू जमिनीवर उकिडव्या बसल्या, चष्मा नाकावर ओढला, चिकटपट्टीच्या खुणेला टेपचं टोक लावलं आणि खाली नटापर्यंत ताणून धरलं. ‘हलू नका. श्वास घेऊ नका म्हटलं तरी चालेल.’ आकडा काकूंनी सेंटिमीटरमध्ये सांगितला. काकांना ते पटेना. त्यांचे वडील सुतारकाम करायचे, त्यांना सूत हवं. मग इंचांच्या बाजूने पुन्हा मोजलं आणि चाक अधांतरी असतानाच्या मापातून वजा केलं.

‘साडेचार सूत,’ काका म्हणाले.

आठ सुतांचा इंच. म्हणजे साडेचार सूत म्हणजे १४ मिलिमीटर. दोन माणसं, सगळं सामान, आणि गाडी बसते १४ मिलिमीटर! पाहिजे होतं त्याच्या निम्मं. फुल टाइट म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

रिंगांच्या आट्यांत ताम्हिणीपासूनचा चिखल वाळून बसला होता. तो तसाच ठेवून रिंग फिरवली तर आटे खरवडतात. काकांनी रॉकेलची बाटली आणि एक जुना टूथब्रश आणला आणि मला हात लावू न देता स्वतःच घासायला बसले. एम-एटीची आठवण निघाली होती, आता ते थांबणार नव्हते. साफ झाल्यावर गाडी परत स्टँडवर घेतली आणि दोन्ही रिंगा सारख्याच फेऱ्यांनी सैल करत आणल्या. एका बाजूला कमी-जास्त झालं तर मागचा भाग तिरका ताणला जातो. एकदा मोजलं, कमी होतं. अजून सैल केली. बायको आता स्वतःहून येऊन बसत होती, कारण काकूंनी तिच्या हातात आंबोळीची ताटली दिली होती आणि ती गाडीवर बसूनच खात होती. (सॅगच्या मोजमापात आंबोळी धरलेली नाही.)

‘एक इंच, अर्धा सूत,’ काकू म्हणाल्या. २७ मिलिमीटर.

मग खालची रिबाउंडची चाकी बघितली. उसळी किती हळू परत यावी ते ती ठरवते. स्प्रिंग वजन तोलते, पण तिला आवरण्याचं काम आतल्या तेलाचं. ते बारीक छिद्रांतून जाताना उसळीची उष्णता होते, म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो. चाकी पूर्ण बंद करून मग किती क्लिक उघडली ते मोजून कागदावर लिहिलं. काकांनी सीटवर दोन्ही हातांनी जोर दिला आणि सोडला. मागचा भाग वर आला आणि थांबला. डुलला नाही. ‘हे आमच्या एम-एटीला नव्हतं,’ ते म्हणाले, आणि मला वाटतं ते खरंच प्रभावित झाले होते.

रात्री कुळथाचं पिठलं आणि भात. किती खाल्लं ते सांगत नाही.

सकाळी हेदवीपर्यंत मी मुद्दाम काही विचारलं नाही. तवसाळला उतरणाऱ्या रस्त्यावर डांबर उखडून नुसती खडी राहिली होती, तिथे नेहमीच्या सवयीने मान आखडून घेतली. टक आलीच नाही. गाडी खाली बसली, वर आली, पुढे गेली. आणखी काही अंतराने मागून आवाज आला, ‘तो पक्षी बघितलास? खंड्या होता.’ ताम्हिणीपासून पहिल्यांदाच तिने रस्त्याच्या बाहेर बघितलं होतं. जयगडला फेरीतून उतरताना रॅम्पवर जो दणका बसतो तोही पचला. एसटीचा विषय निघाला नाही.

गणपतीपुळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गर्दी, घोडे, उंट, सेल्फी, आणि पार्किंगला एवढा वेळ की देव बाजूलाच राहिला. त्यापेक्षा मालगुंडला केशवसुतांच्या घरात अर्धा तास शांतपणे बसलो ते बरं वाटलं. परतताना बायकोला रत्नागिरीला बहिणीकडे राहायचं होतं, मी एकटाच निघालो, आणि तेव्हा दुसरी गोष्ट कळली. तिच्या आणि बॅगांच्या वजनाला बेतलेली मागची बाजू एकट्याने चालवताना पुन्हा उंच आणि ठोकळ वाटते. प्रत्येक वेळी कोण सी-स्पॅनर घेऊन बसणार? मला आठवडाभर एकट्याने ऑफिसला जायचं असतं, डबल सीट वर्षातून मोजक्या वेळा. तरी रिंग मी तशीच ठेवली आहे. ऑफिसला जाताना माझी पाठ दुखली तर ऐकवणारं कुणी नसतं.

पुण्यात आल्यावर दुकानदाराला फोन केला आणि एक पायरी हलकी स्प्रिंग मिळेल का विचारलं. सगळी हकीकत सांगितली, सुतांसकट. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘म्हणजे तुम्ही ढिला केला? साहेब, गाडी घेऊन या, फुकटात परत टाइट करून देतो.’