पंधरा तालुक्यांची उभी नावे

जळगावातील एका घाऊक बियाणे विक्रेत्यासाठी मी एक छोटा विंडोज प्रोग्राम लिहून दिला आहे. कपाशीच्या कोणत्या वाणाची किती पाकिटे कोणत्या तालुक्यात गेली, याचा तक्ता तो पडद्यावर दाखवतो आणि कागदावर छापतो. जिल्ह्याचे तालुके १५ आणि एक रकाना बेरजेचा, असे १६ रकाने होतात. ए-४ कागद उभा धरून दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर समास सोडला, तर १९० मिलिमीटर उरतात. त्यांतील ३० वाणाच्या नावाला दिल्यावर प्रत्येक रकान्याच्या वाट्याला १० मिलिमीटर येतात. तेवढ्यात पाकिटांचा आकडा मावतो, ‘मुक्ताईनगर’ मावत नाही. कागद आडवा करण्याची माझी सूचना मुनीमजींनी मानली नाही, कारण त्यांच्या सगळ्या फायली उभ्या आहेत. तेव्हा नावेच उभी करणे भाग पडले.

जीडीआय या विंडोजच्या जुन्या चित्रण-यंत्रणेत मजकूर लिहिणाऱ्या टेक्स्टआउट या फंक्शनला कोन सांगताच येत नाही, कारण तिथे कोन हा फॉन्टचा गुण मानलेला आहे. फॉन्टचे वर्णन ठेवणाऱ्या लॉगफॉन्ट या रचनेतील एस्केपमेंट (ओळीचा कोन) आणि ओरिएंटेशन (अक्षरांचा कोन) या दोन्ही जागी एकच कोन भरायचा, त्यावरून फॉन्ट तयार करायचा आणि सिलेक्टऑब्जेक्टने तो चित्रफलकावर बसवायचा. हा कोन अंशाच्या दहाव्या भागात मोजतात आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धरतात. पहिल्या दिवशी मी ९० लिहिले आणि नावे जेमतेम नऊ अंश वर उचलली गेली. हवे होते ९००. फॉन्ट ट्रूटाइप, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषांवरून काढला जाणारा, असावा लागतो, कारण ठिपक्यांचे जुने रास्टर फॉन्ट असे फिरत नाहीत. चौकटीत मजकूर आपोआप मध्यभागी बसवणारे ड्रॉटेक्स्ट इथे कामाचे नाही, कारण ते शून्य कोनाच्या फॉन्टपुरतेच आहे. संपूर्ण पृष्ठभागच फिरवण्याचा दुसराही मार्ग आहे, पण १५ शब्दांसाठी तो मला अतिरेक वाटला.

कोन भरणे एका ओळीचे काम होते. वेळ गेला तो जागा ठरवण्यात. टेक्स्टआउटला दिलेला बिंदू हा मजकुराचा वरचा डावा कोपरा समजला जातो आणि मजकूर त्याच बिंदूभोवती फिरतो. नव्वद अंशांत फिरल्यावर तो कोपरा उभ्या नावाच्या खाली डावीकडे येतो आणि नाव तिथून वर चढू लागते. मी सवयीने चौकटीचा वरचा कोपरा दिला होता, त्यामुळे सगळी नावे चौकटीबाहेर वर निघून गेली. शिवाय मजकुराची लांबी-उंची सांगणारे फंक्शन कोन विचारात घेत नाही, ते मजकूर आडवाच आहे असे धरून उत्तर देते. नव्वद अंशांसाठी दोन आकड्यांची अदलाबदल पुरते: रकान्याच्या रुंदीतून मजकुराची उंची वजा करून निम्मी डावीकडे सोडायची, आणि चौकटीच्या उंचीतून लांबी वजा करून निम्मी खालून सोडायची. पंचेचाळीस अंशांचा मोहही झाला होता, पण ८० पिक्सेल लांब आणि २० उंच नाव तसे तिरपे केले की ते दोन्ही दिशांना सुमारे ७१ पिक्सेल जागा व्यापते आणि शेजारच्या तालुक्यांवर आक्रमण करते.

देवनागरीची म्हणून एक बाब इथे आहे. उभ्या नावाची शिरोरेषा डावीकडे येते आणि रकान्याच्या रेघेला समांतर उभी राहते. ‘चाळीसगाव’मधील वेलांटी शिरोरेषेच्याही डावीकडे झुकते, त्यामुळे जागा कमी पडली तर ती थेट रेघेला टेकते. प्रत्येक नावाची प्रत्यक्ष शाई मोजून ते मध्यभागी आणले, तर शिरोरेषा दर रकान्यात वेगळ्या अंतरावर दिसते. फंक्शनने दिलेली फॉन्टची उंची मात्र सर्व नावांना सारखीच असल्याने ओळ शिस्तीत राहते. मजकूर एकेक अक्षर तोडून लिहिण्याचा प्रयोग कोणी करू नये: ‘मुक्ताईनगर’मधील ‘क्त’ पूर्ण शब्द एकत्र दिला तरच जुळतो.

तक्ता सुरू होऊन आठवडा झाला असेल, तोच दुपारी मुनीमजींचा फोन आला, “भाऊ, गावं परत आडवी पडली.” सकाळी नीट दिसणारी नावे दिवसभर तक्ता वर-खाली सरकवल्यावर आडवी होत होती. खिडकी रंगवताना दर वेळी मी नवा फॉन्ट तयार करत होतो आणि तो नष्ट करायला विसरलो होतो. एका प्रोग्रामला फॉन्टसारख्या जीडीआयच्या १०,००० वस्तूंची मर्यादा मुळात ठरवलेली असते. ती गाठली की फॉन्ट तयार होत नाही आणि फलकावर आधीचाच आडवा फॉन्ट राहतो. आता फॉन्ट सुरुवातीला एकदाच तयार होतो, लिहून झाल्यावर जुना फॉन्ट परत बसवला जातो आणि प्रोग्राम बंद होताना नवा नष्ट केला जातो. छपाईसाठी मात्र वेगळाच फॉन्ट लागतो, कारण ११ पॉइंटचे अक्षर ९६ डीपीआयच्या (दर इंचाला ९६ ठिपक्यांच्या) पडद्यावर १५ ठिपक्यांचे असते, तर ६०० डीपीआयच्या प्रिंटरवर ९२ ठिपक्यांचे.